बराकी, शिलालेख आणि अकरावीचा इतिहास

दहावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांतून एकच चर्चा सुरू होते : विज्ञान की वाणिज्य? अशा वेळी घरातली मुलगी हलक्या आवाजात म्हणाली, "मला कला शाखेत जाऊन इतिहास घ्यायचा आहे," तर पानावर बसलेली मंडळी क्षणभर गप्प होतात. गुण कमी पडले असावेत, अशी शेजाऱ्यांची समजूत होते. "सनावळ्या पाठ करून पोट भरणार आहे का?" असे वडील विचारतात. वडिलांची काळजी खोटी नाही. कारखान्याच्या भोंग्यावर ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना मुलांच्या भाकरीची चिंता असणारच. पण इतिहास म्हणजे सनावळ्या, ही समजूत मात्र एकदा तपासून पाहिली पाहिजे. त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही आपली तीन गावे पुरेशी आहेत.

शाळेत इतिहास काय घडले ते सांगतो. कनिष्ठ महाविद्यालयात तो एक पायरी वर चढतो आणि विचारतो : हे घडले, हे तुला कशावरून कळले? राज्य मंडळाच्या आजच्या अभ्यासक्रमात अकरावीला प्राचीन भारतापासून सुरुवात होते आणि बारावीला युरोपातील प्रबोधनाकडे वळावे लागते. आवाका मोठा आहे. पण त्या सगळ्याच्या तळाशी साधने, त्यांची पारख आणि त्यांवरून काढलेले अनुमान या तीनच गोष्टी असतात. त्या ज्याला कळल्या, त्याला सनावळ्या आपोआप लक्षात राहतात.

वालधुनीच्या काठावरील अंबरनाथाचे शिवमंदिर आपण सहलीला आलेल्या पाहुण्यांना हौसेने दाखवतो. त्याच्या उत्तर दरवाज्याच्या तुळईवर, आतल्या बाजूस, एक संस्कृत शिलालेख आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो वाचला, तेव्हा त्यातील शक त्यांना ७८२ असा दिसला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तीच अक्षरे पुन्हा तपासली आणि शक ९८२ असल्याचे दाखवून दिले. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. म्हणजे ८६० चे १०६० झाले. झिजलेल्या दगडावरील एका आकड्याने मंदिर दोनशे वर्षे अलीकडे आले आणि शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळात जाऊन बसले. भाऊ दाजी थोर विद्वान होते, तरी त्यांचे वाचन दुरुस्त झाले आणि त्यामुळे त्यांचा मान उणावला नाही. थोरांचे म्हणणेसुद्धा पुराव्यावर घासून घ्यावे आणि तसे करताना आदर सोडू नये, हे सतराव्या वर्षी शिकायला मिळाले तर ते थोडे आहे काय?

आता शेजारच्या कल्याणकडे वळू. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक खलाशाच्या प्रवासपुस्तकात 'कल्लिएना' बंदराचा उल्लेख आहे, आणि कान्हेरीच्या लेण्यांतील लेखांत कल्याणच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा अलेक्झांड्रियाचा एक व्यापारी लिहितो की, 'कल्लियाना' येथे ख्रिस्ती लोक असून त्यांचा बिशप पर्शियातून नेमून येतो. हे वाचून आपले मन साहजिकच उचंबळते. पोर्तुगीज येण्यापूर्वी जवळजवळ हजार वर्षे आपल्या परिसरात ख्रिस्ती वस्ती होती तर! परंतु अकरावीच्या विद्यार्थ्याने येथे थांबावे. बहुतेक अभ्यासक हे स्थळ म्हणजे आपले कल्याण असे मानतात. काहींनी ते दक्षिणेकडील किनाऱ्यावर शोधले आहे. शिवाय ती माणसे स्थानिक होती की पर्शियन व्यापारी, हे त्या एका वाक्यावरून ठरत नाही. आपल्याला हवे तेच साधनातून वाचण्याचा मोह आवरणे हा या विषयातला सर्वांत कठीण धडा आहे. तो दुसऱ्यांच्या इतिहासापेक्षा आपल्याच इतिहासावर गिरवणे अधिक बरे.

उल्हासनगर तर विसाव्या शतकाची उघडी वहीच आहे. दुसऱ्या महायुद्धात येथे लष्कराची छावणी होती. युद्ध संपले आणि बराकी ओस पडल्या. १९४७ साली पंजाब आणि बंगाल विभागले गेले; सिंध मात्र अखंडच पाकिस्तानात गेला. त्यामुळे सिंधी हिंदूंना भारतात आपला म्हणावा असा प्रांतच उरला नाही. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाल्यावर निर्वासितांचा ओघ वाढला. बोटींनी मुंबईच्या बंदरावर उतरलेल्यांपैकी लाखाच्या घरात माणसे या बराकींत आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीला उल्हास नदीवरून नवे नाव मिळाले. आजही रिक्षावाल्याला आपण 'कॅम्प नंबर तीन' किंवा 'कॅम्प नंबर चार' असे सांगतो, तेव्हा नकळत त्या लष्करी छावणीचाच पत्ता देत असतो. युद्ध, फाळणी आणि पुनर्वसन या तीन कारणांची साखळी पाठ्यपुस्तकातून समजून घ्यायला कष्ट पडतात. येथे ती गल्लीच्या नावातच सापडते.

बदलापूरचा धडा वेगळा आहे. या वाटेवर घोडे बदलले जात, म्हणून बदलापूर, असे म्हातारी माणसे सांगतात. ही आख्यायिका गोड आहे; तिला हसू नये आणि तिला पुरावाही समजू नये. गावाचे नाव सर्वांत जुन्या कागदात कसे लिहिले आहे? घोड्यांचा टप्पा असल्याची नोंद कोठे आहे? असे विचारले की अभ्यास सुरू होतो. १८५६ साली लोहमार्ग कल्याणपुढे या बाजूने खोपोलीकडे गेला. त्या आगगाडीने जुन्या वाटांचे काय केले, हाही बारावीच्या प्रकल्पाला शोभेल असा विषय आहे.

आणि आपण स्वतः? येथल्या कारखान्यांनी माणसे बोलावली : काडेपेटीच्या कारखान्याने, १९५३ साली सुरू झालेल्या शस्त्रास्त्र कारखान्याने, पुढे औद्योगिक वसाहतीने. गोवा, मंगळूर, केरळ, वसई, नगर अशा कितीतरी ठिकाणांहून कुटुंबे आली आणि एकाच चर्चच्या बाकांवर बसू लागली. चर्चमधील बाप्तिस्म्याची नोंदवही ही नुसती दाखल्याची सोय नाही. मुलाचे नाव, आईबापांची नावे, धर्ममातापित्यांची नावे, तारीख असे तपशील वर्षानुवर्षे एका ओळीत लिहिले गेले आहेत. कोणती आडनावे कधी दिसू लागली, धर्मपिता गावाकडचा निवडला की शेजारचा, यावरून एक समाज नव्या भूमीत कसा रुजला ते उमगते. अर्थात तिच्यात खाजगी गोष्टी असतात. धर्मगुरूंच्या परवानगीने आणि नावे न फोडता ती पाहावी. आणि जे कोणत्याच वहीत आले नाहीत, त्यांचे विस्मरण होऊ देऊ नये.

इतिहास घेतल्याने नोकरी हमखास मिळते, असे खोटे आश्वासन मी देणार नाही. वकिली, पत्रकारिता, प्रशासन, अध्यापन, अभिलेखागार या वाटा आहेत, पण त्या कष्टाच्या आहेत आणि वडिलांनी तसे मुलीला स्पष्ट सांगावे. मात्र कागद वाचून त्यातले खरेखोटे पारखणे आणि आपल्याला न पटणारी बाजूही नीट मांडणे ही शक्ती कोणत्याही धंद्यात वाया जात नाही.

एक गोष्ट मात्र थांबणारी नाही. शिलालेख हजार वर्षे टिकला, आणखीही टिकेल. परंतु १९४७ साली दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीला टेकले आहे. कराचीची बोट, बराकीतली पहिली रात्र, पडदा लावून केलेले दोन संसार हे ज्यांच्या डोळ्यांनी पाहिले, ती माणसे आपल्या शेजारीच राहतात आणि दर वर्षी त्यांतली काही कमी होतात. तेव्हा आपल्या मुलीने इतिहास घेतला असेल, तर येत्या सुटीत तिला एक वही द्या आणि शेजारच्या आजींकडे पाठवा. आजी काय सांगतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे, तारीख घालावी, आणि घरी आल्यावर विचारावे : हे आणखी कोणाला विचारून पडताळता येईल?