किल्लारीनंतरची 52 गावं : घरं मिळाली, पण गाव?

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, विसर्जन करून दमलेली माणसं गाढ झोपेत. पहाटे 3.56 ला भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबादमध्ये (आताचं धाराशिव) जवळपास आठ हजार माणसं गेली. एवढं आपल्याला पाठ आहे. पुढं त्या गावांचं काय झालं, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

माणसं मारली ती घरांनी. दोन-तीन फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती, वर माळवद. गळू नये म्हणून त्यावर मातीचा थर चढवत राहायचं, म्हणजे डोक्यावरचं ओझं वाढतच गेलेलं. त्यामुळं वाचलेल्यांना दगडाची धास्तीच बसली. आणि जिथं घरटी माणूस गेलाय तिथं परत राहायचं तरी कसं? गाव हलवा, ही मागणी बऱ्याच ठिकाणी लोकांचीच होती, हे आधी मान्य करू. सरकारनं 52 गावं पूर्णपणे नव्या जागी वसवायचं ठरवलं. जागतिक बँकेचं कर्ज आलं, देशभरातल्या संस्था-कंपन्यांनी गावं दत्तक घेतली.

आता खरी गोष्ट. घर किती मोठं द्यायचं हे कशावर ठरलं? घरात माणसं किती यावर नाही, जमीन किती यावर! भूमिहीन आणि अगदी अल्पभूधारकांना 250 चौरस फूट, मधल्या शेतकऱ्याला 450, सात हेक्टरच्या वर असेल त्याला 750. बरं, बांधकामाच्या सोयीसाठी एका मापाची घरं अनेक गावांत एकाच भागात घेतली. मराठवाड्यात भूमिहीन म्हणजे बहुतेक कोण, हे वेगळं सांगायला नको. जुन्या गावात महारवाडा-मांगवाडा गावकुसाबाहेर होता, नव्या गावात तीच रेघ चौरस फुटांनी मारली. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. हिशेबच असा धरला की उत्तर तेच येणार. तरी दुसरी बाजूही आहे. ज्याच्या नावावर आधी धड छप्पर नव्हतं त्यालाही पक्कं घर मिळालं, आणि ही गोष्ट लहान नाही.

आणि गावाचा आकार? जुनी गावं दाटीवाटीची. अरुंद बोळ, सावली, भिंतीला भिंत. ओट्यावर बसलं की अर्ध्या गावाची खबर कळायची. नवी गावं जुन्याच्या कितीतरी पट जागेवर पसरली, त्यासाठी पुन्हा शेतजमीनच गेली. सरळ रेषेत आखलेले रुंद रस्ते, सुटी सुटी घरं, सगळं एखाद्या शहरी कॉलनीसारखं. उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या दुपारी त्या रस्त्यानं चालून बघा! म्हाताऱ्या माणसाला लेकीकडं नाहीतर जुन्या शेजारणीकडं जायचं तर गाव ओलांडावं लागतं.

वाड्यात ढाळज होती, बळद होतं, जनावरं घराच्या आतच बांधायची. नव्या नकाशात गोठा नाही, धान्य ठेवायला जागा नाही. संडास दिला पण पाणी कुठंय? मग त्यात सरपण आणि अडगळ. लोकांनी हळूहळू पत्रे ठोकून शेड काढले, बैल दारात आणले, भिंत घालून आडोसा केला. साहेब लोकांना ते अतिक्रमण वाटलं असेल, खरं तर लोक नकाशातली चूक स्वखर्चानं दुरुस्त करत होते.

गंमत अशी की याच कार्यक्रमात, कमी पडझड झालेल्या गावांमध्ये, सरकारनं घरमालकाला पैसे आणि साहित्य देऊन घर जागेवरच दुरुस्त करायला लावलं होतं. म्हणजे दुसरा रस्ता शेजारच्याच गावात चालू होता! 2001 च्या भूकंपानंतर गुजरातेत बहुतेक गावांनी हाच रस्ता धरला. पैसे हातात, गाव जागेवर, घर आपल्या मनासारखं, फक्त बांधकाम भूकंपात टिकेल असं हवं, ही अट.

माळीण, तळिये, इर्शाळवाडी इथं हा पर्यायच नव्हता, डोंगरच खाली आलेला. तिथं हलवणं भागच होतं. पण मग नव्या जागेचा नकाशा काढताना गोठा कुठं, शेत किती लांब, शेजारी कोण, हे तिथल्या बायामाणसांना आधी विचारायला काय हरकत आहे? किल्लारीला तीस वर्षं उलटून गेलीत. त्या गावांतले ते पत्र्याचे शेड जाऊन मोजले तरी निम्मं उत्तर मिळेल.