मॅट्रिक ते दहावी : इंग्रजीच्या सरावाचा इतिहास

वार्षिक परीक्षेपूर्वी इंग्रजीचे व्याकरण आणि उताऱ्यावरील प्रश्न घोटून घेण्याची प्रथा महाराष्ट्रात मॅट्रिकच्या परीक्षेबरोबर रूढ झाली आणि आजही ती तितकीच पक्की आहे. दरम्यानच्या काळात परीक्षा घेणारी संस्था बदलली, इंग्रजी सुरू करण्याची इयत्ता अनेकदा मागेपुढे झाली, पाठ्यपुस्तके आणि अध्यापनाच्या पद्धतीही बदलल्या. सराव कशाचा करायचा हे मात्र प्रत्येक पिढीत प्रश्नपत्रिकेनेच ठरवले. त्यामुळे या सरावाचा इतिहास हा एका अर्थाने प्रश्नपत्रिकेचाच इतिहास आहे.

मुंबई इलाख्यात नव्या पद्धतीच्या शिक्षणाची सुरुवात मुख्यतः देशी भाषांतून झाली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना 1822 मध्ये मुंबईत शाळा आणि शालेय पुस्तकांसाठी संस्था स्थापन झाली आणि तिने मराठी व गुजराती क्रमिक पुस्तके तयार करवून घेतली. 1835 मध्ये मेकॉलेचे टिपण आणि त्यामागोमाग गव्हर्नर जनरल बेंटिंकचा ठराव आला, तेव्हा सरकारी पैसा इंग्रजी शिक्षणाकडे वळवण्याचे धोरण ठरले. मुंबईत ते विनाविरोध स्वीकारले गेले नाही. 1840 मध्ये स्थापन झालेल्या शिक्षण मंडळात अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूने होते, तर कर्नल जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट यांनी देशी भाषांची बाजू लावून धरली. या वादातून इलाख्यात दोन टप्प्यांची रचना आकाराला आली. प्राथमिक शिक्षण मराठीत आणि त्यापुढचे, नोकरी व कॉलेजकडे नेणारे शिक्षण इंग्रजीत, अशी ती रचना होती.

याच सुमारास मराठीचे व्याकरणही नव्या साच्यात लिहिले जात होते. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण 1836 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात संस्कृतची परिभाषा होती, तशीच इंग्रजी व्याकरणातील वर्गीकरणाची छापही होती. मेजर टॉमस कँडी यांनी मराठीत विरामचिन्हे रुळवण्यासाठी मोठे परिश्रम घेतले. याचा एक व्यावहारिक परिणाम असा झाला की, इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलाला नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, प्रयोग या संज्ञा मराठीतून आधीच माहीत असत. शिक्षक इंग्रजी व्याकरण मराठी परिभाषेतून समजावत. पॅसिव्ह व्हॉइस शिकवताना कर्मणी प्रयोगाचा आधार घेण्याची रीत तेव्हापासून आजपर्यंत चालत आली आहे.

1854 च्या वुडच्या खलित्याने विद्यापीठे स्थापण्याची शिफारस केली आणि 1857 मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. त्याची पहिली प्रवेश परीक्षा, म्हणजेच मॅट्रिक्युलेशन, 1859 मध्ये झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांपैकी होते. कॉलेजात जायचे तर मॅट्रिक हवी आणि बऱ्या सरकारी नोकरीसाठीही तीच हवी, त्यामुळे या एका परीक्षेवर घराचे भवितव्य अवलंबून राहू लागले. मराठी चौथीनंतर इंग्रजी पहिली ते इंग्रजी सातवी अशा इयत्ता असत आणि सातवी हेच मॅट्रिकचे वर्ष असे. ज्यांना इंग्रजी शाळा गाठता येत नसे, ते मराठी सातवीला व्हर्नाक्युलर फायनल देऊन थांबत. इंग्रजी येते की नाही, यावरून समाजात दोन वेगळ्या वाटा पडल्या.

मॅट्रिकच्या पहिल्या काही दशकांतला व्याकरणाचा सराव मुख्यतः पदपरिस्फोटाचा होता. शाळेच्या बोलीत त्याला व्याकरण चालवणे म्हणत. ‘द बॉय इज रीडिंग अ बुक’ असे वाक्य फळ्यावर लिहिले की विद्यार्थ्याने एकेका शब्दाचा पूर्ण पत्ता सांगायचा : ‘बॉय’ हे सामान्यनाम, पुल्लिंगी, एकवचनी, तृतीयपुरुषी, प्रथमा विभक्ती, ‘इज रीडिंग’ या क्रियापदाचा कर्ता. मग ‘इज रीडिंग’चा काळ, अर्थ, प्रयोग, पुरुष आणि वचन. पुढच्या पायरीला वाक्यपृथक्करण येई. त्यात वाक्य केवल, मिश्र की संयुक्त हे ओळखायचे आणि प्रधान व गौण वाक्ये वेगळी करून त्यांचा परस्परसंबंध लिहायचा. याच पद्धतीने मराठी आणि संस्कृतही शिकवले जाई. त्यामुळे तयार झालेला विद्यार्थी तीन भाषांची वाक्ये सफाईने सोडवू शकत असे. मात्र वाक्य सोडवता आले म्हणजे पान वाचून समजले असे होत नाही, ही उणीव शिक्षकांच्या ध्यानात येऊ लागली होती.

त्या काळाचा दुसरा आधार भाषांतर हा होता. दादोबांहून वेगळ्या, दुसऱ्या एका तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने मराठी मुलखात इंग्रजी शिकवण्याचे जेवढे काम केले, तेवढे क्वचितच एखाद्या पुस्तकाने केले असेल. आधी नियम, मग शब्दार्थ आणि मग भाषांतरासाठी वाक्ये, अशी तिची पायरी-पायरीची मांडणी होती. शाळा नसलेल्या गावातल्या माणसालाही तिच्या आधाराने घरी बसून इंग्रजी शिकता येई. मराठी भाषकाची अडचण नेमकी कुठे होते, याची जाण हे या पद्धतीचे बळ होते. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, इंग्रजीत कर्त्यामागोमाग. मराठीत नामाला प्रत्यय लागतो, इंग्रजीत नामापूर्वी स्वतंत्र शब्द येतो. ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’ यांना मराठीत जोडच नाही. ‘मला दोन भाऊ आहेत’ याचे ‘आय हॅव टू ब्रदर्स’ होते आणि ‘मला भूक लागली आहे’ याचे ‘आय अ‍ॅम हंग्री’. दोन्हीकडे ‘मला’ एकच, पण इंग्रजीत रचना वेगळ्या. अशा वाक्यांचा पुन्हा पुन्हा सराव केल्यावर पिढ्यान्‌पिढ्यांची वाक्यरचना पक्की झाली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जे. सी. नेसफील्ड यांची व्याकरणे देशभरातील शाळांत पोहोचली. उत्तर हिंदुस्थानात शिक्षणखात्यात काम केलेल्या या लेखकाने भारतीय विद्यार्थ्यांच्या गरजा समोर ठेवून नियम आणि उदाहरणे दिली होती. त्यांच्यानंतर आले रेन आणि मार्टिन. पी. सी. रेन यांनी इंडियन एज्युकेशनल सर्व्हिसमध्ये मुंबई इलाख्यात, मुख्यतः कराचीत, काम केले होते. पुढे ते साहसी कादंबऱ्यांचे लेखक म्हणून जगप्रसिद्ध झाले. एच. मार्टिन यांच्यासह त्यांनी लिहिलेले शालेय इंग्रजी व्याकरण 1930 च्या दशकात आले आणि मुंबईच्या के. अँड जे. कूपर या प्रकाशनसंस्थेने ते घरोघर पोहोचवले. नियम थोडक्यात आणि स्वाध्याय भरपूर, हे या पुस्तकाचे वैशिष्ट्य. व्याकरण पाठ करण्याचा विषय राहिला नाही, तो सोडवण्याचा विषय झाला. शाळा सुटून वर्षे लोटली तरी स्पर्धा परीक्षेसाठी पुन्हा रेन-मार्टिन उघडणारे उमेदवार आजही आहेत.

परीक्षेचे वर्चस्व वाढले तशी तिच्यावरची टीकाही वाढली. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी वरच्या शिक्षणावर होणारा खर्च आणि बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाची आबाळ यांकडे बोट दाखवले. विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेला खासगीरीत्या बसण्याची मुभा होती, तीच वरच्या परीक्षांनाही मिळावी, असेही त्यांनी मागितले. घरी अभ्यास करूनही पदवी मिळवता यावी, हा त्यामागचा विचार होता. 1902 च्या विद्यापीठ आयोगाने घोकंपट्टीवर कठोर ताशेरे ओढले. 1916 मध्ये महर्षी कर्वे यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले, तेव्हा शिकवण्याचे माध्यम मातृभाषा ठेवून इंग्रजी हा एक आवश्यक विषय म्हणून शिकवण्याचा मार्ग त्यांनी स्वीकारला. पुढे दोन महायुद्धांच्या दरम्यान मॅट्रिकच्या इतर विषयांची उत्तरे मातृभाषेत लिहिण्याची सवलत हळूहळू रुळली आणि इंग्रजी हा माध्यमाऐवजी विषय होऊ लागला.

आकलनाला परीक्षेत स्वतंत्र स्थान मिळण्यामागे वाचनाविषयीचा एक नवा विचार होता. ढाक्यात काम करणाऱ्या मायकेल वेस्ट यांनी 1926 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे मांडले की, भारतीय विद्यार्थ्याची पहिली गरज इंग्रजी बोलण्याची किंवा लिहिण्याची नसून वाचण्याची आहे. मध्येच शाळा सोडणाऱ्या मुलाच्या हाती निदान वाचण्याची शक्ती तरी राहावी, हा त्यांचा आग्रह होता. त्यांनी मर्यादित शब्दसंख्येची, क्रमाने अवघड होत जाणारी वाचनपुस्तके तयार केली आणि मजकूर वाचून प्रश्नांची उत्तरे शोधण्यावर भर दिला. जुन्या परीक्षांत उताऱ्यावर मुख्यतः सारांशलेखन आणि कवितेचा गद्य अर्थ विचारला जाई. त्याची जागा हळूहळू न वाचलेला उतारा आणि त्याखालच्या छोट्या प्रश्नांनी घेतली.

स्वातंत्र्यानंतर विद्यापीठाची मॅट्रिक जाऊन माध्यमिक शालान्त परीक्षा, म्हणजे एस.एस.सी., आली. त्यासाठी मुंबई प्रांतात 1948 मध्ये कायदा झाला. मराठी शाळांत इंग्रजी आठवीपासून शिकवण्याचे धोरण आल्याने अकरावीच्या परीक्षेपर्यंत विद्यार्थ्याच्या हाती चारच वर्षे उरली. पूर्वी सात वर्षांत जे होत असे, ते एवढ्या काळात साधणे कठीण होते. म्हणून निवडक वाक्यरचना क्रमाने रुजवण्याची संरचनात्मक पद्धत पुढे आली. 1958 मध्ये हैदराबादला स्थापन झालेल्या इंग्रजीच्या केंद्रीय संस्थेत देशभरातील शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले. महाराष्ट्रात 1966 मध्ये राज्य परीक्षा मंडळ आणि 1967 मध्ये बालभारती स्थापन झाल्यावर परीक्षा आणि पाठ्यपुस्तके राज्यभर एकसूत्री झाली.

वाक्यरचनांच्या या सरावातूनच एस.एस.सी.चा तो प्रसिद्ध प्रश्न घडला : ‘डू अ‍ॅज डायरेक्टेड’. त्यातील ‘रिमूव्ह टू’ हा प्रकार मराठी माध्यमातल्या प्रत्येक दहावीकराच्या परिचयाचा आहे. ‘ही इज टू वीक टू वॉक’ या वाक्यात नकार कुठे दिसत नाही, पण ‘टू’ काढून ‘सो... दॅट’ घातले की तो उघड करावा लागतो : ‘ही इज सो वीक दॅट ही कॅनॉट वॉक’. ‘तो इतका अशक्त आहे की चालू शकत नाही’ हा अर्थ मनात पक्का असलेला विद्यार्थी ‘कॅनॉट’ विसरत नाही. केवळ सूत्र पाठ केलेला मात्र तिथेच गुण गमावतो. ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’चे ‘नो सूनर... दॅन’, ‘इफ’चे ‘अनलेस’, कर्तरीचे कर्मणी, प्रत्यक्ष कथनाचे अप्रत्यक्ष कथन, असे रूपांतराचे ठरावीक प्रकार तयार झाले आणि त्यांच्याभोवती सरावाची एक मोठी व्यवस्था उभी राहिली.

मुंबईत 1959 मध्ये गाला कुटुंबाने सुरू केलेले नवनीत प्रकाशन या व्यवस्थेतले सर्वांत ठळक नाव. उताऱ्यावरचे प्रश्न, त्यांची आदर्श उत्तरे, व्याकरणाचे तक्ते आणि अपेक्षित प्रश्नसंच यांनी शाळेचे दप्तर भरले. जोडीला शाळेतली पूर्वपरीक्षा, खासगी क्लास, सेवाभावी संस्थांनी भरवलेल्या एस.एस.सी. व्याख्यानमाला आणि वृत्तपत्रांतील मार्गदर्शनाची सदरे आली. दिवसा नोकरी करून रात्रशाळेत शिकणाऱ्यांना आणि बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांना या साधनांचा मोठा आधार झाला. ज्यांच्या घरी इंग्रजी सांगणारे कोणी नव्हते, त्यांच्यासाठी गाइड हाच घरचा शिक्षक होता. मात्र तयार उत्तर हाताशी आले की उतारा वाचायचे कारण उरत नाही, ही त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे.

दहा अधिक दोन अधिक तीन या आकृतिबंधानुसार दहावीची पहिली शालान्त परीक्षा 1975 मध्ये झाली. 2000 मध्ये, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. तोवर पाचवीत लिपी शिकणाऱ्या पिढीच्या जागी दहा वर्षे इंग्रजी शिकलेली पिढी परीक्षेला बसू लागली. प्रश्नपत्रिकेचा तोलही बदलला. दहावीच्या तृतीय भाषेच्या अलीकडच्या रचनेत 80 गुणांच्या लेखी परीक्षेत भाषाभ्यासाला 10 गुण आहेत. पाठ्यपुस्तकातील उताऱ्यांना 20 आणि पुस्तकाबाहेरच्या उताऱ्याला 15, म्हणजे उताऱ्यांवर मिळून 35 गुण आहेत. प्रत्येक उताऱ्याखाली सरळ माहितीचा प्रश्न असतो, माहितीची जुळणी करायला लावणारा प्रश्न असतो, शब्दसंपत्तीचा, व्याकरणाचा आणि शेवटी विद्यार्थ्याचे स्वतःचे मत विचारणारा प्रश्न असतो. व्याकरण आता बरेचसे उताऱ्याच्या पोटात गेले आहे. एकेकाळी साऱ्या अभ्यासाचा पाया असलेल्या भाषांतराला 5 गुण उरले आहेत.

एवढ्या बदलांतून एक गोष्ट स्पष्ट दिसते. पदपरिस्फोटाने वाक्याची घडण कळली, भाषांतराने दोन भाषांमधला फरक कळला, स्वाध्यायांनी रूपे अंगवळणी पडली. या प्रत्येक पद्धतीचा उपयोग झाला आहे. ज्या विद्यार्थ्याचे वाचन चालू होते, त्याला तो उपयोग सर्वांत जास्त झाला. परीक्षेपूर्वीच्या महिन्यात मागच्या प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवणे आवश्यकच आहे, कारण तीन तासांत काय आणि किती लिहायचे हे त्यातूनच समजते. पण न वाचलेला उतारा समजण्याची शक्ती एका महिन्यात येत नाही. जून महिन्यापासून रोज इंग्रजीचे एक पान अर्थ लावत वाचणे आणि त्यातलीच वाक्ये घेऊन व्याकरण शिकणे, हा या विषयाच्या सरावाचा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. तो विद्यार्थ्यांना दाखवणे हे शाळांचे काम आहे.