वऱ्हाडातील एचआयव्ही-उपचार आणि संततिनियमन : एका विभागणीचा इतिहास

एचआयव्हीबाधित स्त्रीस औषधोपचार व संततिनियमनाचा सल्ला एकाच ठिकाणी मिळावा, हे तत्त्व आता मान्य झालेले आहे. वऱ्हाडात मात्र त्याच्या वाटेत रुग्णालयांची एक जुनी विभागणी उभी आहे.

स्त्रियांना स्त्री-वैद्यांकडून उपचार मिळावेत, या हेतूने लेडी डफरीन यांनी १८८५ मध्ये निधी स्थापन केला. अमरावतीचे ‘डफरीन’ आणि अकोल्याचे ‘लेडी हार्डिंग’ ही स्त्री-रुग्णालये व्हाइसरॉयपत्नींच्याच नावांनी ओळखली जातात. १९५२ मध्ये आरंभलेल्या राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रमाचा संबंध स्वभावतःच प्रसूतिगृहांशी जडला. उलट, २००४ मध्ये देशात सुरू झालेल्या मोफत एचआयव्ही-उपचाराची केंद्रे अमरावतीस ‘इर्विन’ या सामान्य रुग्णालयात व अकोल्यास वैद्यकीय महाविद्यालयात आली.

परिणामी संततिनियमनासाठी दुसऱ्या दारी गेलेल्या स्त्रीस आपला आजार पुन्हा उघड करावा लागतो, किंवा लपवावा लागतो. लपविणे निर्धोक नाही. दीर्घकाळ वापरात असलेल्या एफाव्हिरेन्झ या औषधाने गर्भनिरोधक संप्रेरक-रोपणाचा प्रभाव उणावतो.

संमतीवाचून आजार उघड करण्यास, तसेच बाधित गर्भवतीची नसबंदी वा गर्भपात करण्यास २०१७ च्या कायद्याने प्रतिबंध केला आहे. उपचारामुळे अपत्यास होणारा संसर्गही बहुतांशी टळतो. म्हणून एकत्रीकरणाचा अर्थ संततीस मज्जाव असा नव्हे. अपत्य हवे की नको, हा प्रश्न औषध देणाऱ्या दालनातच तिला निर्भयपणे विचारता यावा, एवढाच तो आहे.