तळ्यातले मासे आणि १८७७ सालची वाळूची नळी

परसात नवं तळं बांधलं, काचेसारखं पाणी भरलं, मासे सोडले आणि पंधरा दिवसांत ते उताणे तरंगायला लागले, की लोक पंपाच्या नावाने खडे फोडतात. पण खरा गुन्हेगार अमोनिया. तो माशांच्याच कल्ल्यांतून पाण्यात येतो आणि दिसत नाही.

मंडळी, याचं उत्तर १८७७ साली फ्रान्समध्ये सापडलं, आणि तेही गटाराच्या पाण्यात! श्लोझिंग आणि म्युंत्झ यांनी मीटरभर लांब नळीत वाळू आणि चुनखडी भरून वरून सांडपाणी सोडलं. वीस दिवस अमोनिया जसाच्या तसा. मग खालून नायट्रेट यायला लागलं. नुसती रासायनिक क्रिया असती तर पहिल्याच दिवशी नको का व्हायला? क्लोरोफॉर्म घातला, काम बंद. क्लोरोफॉर्म गेला तरी बंदच. मातीचं धुवण ओतलं आणि पुन्हा सुरू! म्हणजे आत कोणीतरी जिवंत होतं. (याला म्हणतात डीबगिंग.) ते जिवाणू विनोग्राड्स्कीने १८९० मध्ये वेगळे काढले.

बॉग फिल्टर म्हणजे हीच नळी पसरट करून वर कर्दळ, अळू लावलेली. पंप खडीच्या तळाशी पाणी सोडतो, खडीवरचे जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात, ते मुळं शोषतात. झाडांकरवी सांडपाणी शुद्ध करायचे प्रयोग जर्मनीत केटे झायडेल यांनी १९५० च्या दशकात केले.

तेव्हा फिल्टर नवा असेल तर आधी दोनचारच मासे सोडा. निरोगी जुन्या तळ्यातली घमेलंभर ओली खडी मिळाली तर सोन्याहून पिवळं, ते मातीचं धुवणच समजा.