मिरी, मिरची आणि ढोबळी मिरची : परसातील एका रोपाचा शब्देतिहास

प्राचीन ग्रंथांतील 'मरिच' या शब्दाचा अर्थ 'मिरची' असा करण्याचा मोह अद्यापि पुरता ओसरलेला नाही. सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त (बारावे शतक) पाककृतींमध्ये मरिचाचा उल्लेख येतो; ते मिरे होय. मिरचीची वनस्पती मूळची अमेरिका खंडातील. १४९२ मधील कोलंबसाच्या सफरीपूर्वी ती आपल्याकडे कोणास ठाऊक असणे शक्य नव्हते. त्यापूर्वीच्या मानल्या गेलेल्या एखाद्या मराठी रचनेत मिरची आढळलीच, तर तो शब्द, किंबहुना ती ओळच, मागाहून शिरली असे समजण्यावाचून गत्यंतर नाही. संहिता-चिकित्सकाने या भाजीकडे लक्ष द्यावयाचे ते यासाठी.

शब्दाचे रूपही हीच साक्ष देते. संस्कृत 'मरिच' याचे प्राकृतात 'मिरिअ' झाले. हेमचंद्राने आपल्या व्याकरणात ते नोंदविले आहे. दोन स्वरांमधील 'च' लोपला आणि त्यातून मराठीस 'मिरे', 'मिरी' ही रूपे वारसाहक्काने मिळाली. 'मिरची'त मात्र 'च' शाबूत आहे. म्हणजे हा शब्द त्या वाटेने आलेला नाही. तो गुजरातीतून घेतला असेही वाटत नाही, कारण तेथे 'मरचुं' असा आरंभीचा 'म' टिकून आहे. 'मि' आणि 'च' हे दोन्ही एकत्र आढळतात ते हिंदी 'मिर्च' या रूपात. आरंभीच्या 'मि'वर आपल्याच 'मिरी'चा प्रभाव पडला असणे शक्य आहे, हे मान्य करूनही उत्तरेकडील उसनवारीच मला अधिक संभाव्य वाटते.

दक्षिणेत निराळा मार्ग अवलंबिला गेला. कन्नडात 'मेणसु' म्हणजे मिरे आणि 'मेणसिनकायि' म्हणजे मिऱ्याचे फळ. तमिळ 'मिळगाय्' हाही तसाच समास. कोकणीतील 'मिरसांग' हा शब्द याच घडणीचा, 'सांग' म्हणजे शेंग. १५१० पासून पोर्तुगीजांच्या ताब्यात असलेल्या गोव्यात नव्या वस्तूला परकी नाव न देता जुन्याच नावास शेंग जोडली गेली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. हिंदीत नवागताने मूळ मालकाचे नावच बळकावले, आणि मिऱ्याला 'काली मिर्च' असे विशेषण लावून राहावे लागले. मराठीने दोघांना वेगळे ठेवले. तरी आपणही 'काळी मिरी' असे गरज नसताना म्हणतोच.

नावांचा हा गोंधळ युरोपातही झाला. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फुक्स याने १५४२ च्या आपल्या ग्रंथात या रोपाचा संबंध कालिकतशी जोडला. पोर्तुगीजांनी जे रोप समुद्रमार्गे इकडे आणले, ते इकडचेच अशी तिकडे समजूत!

मिऱ्याचा वेल मलबारच्या पावसाचा आणि झाडांच्या आधाराचा बांधलेला. तो देशावर रुजत नाही. मिरचीला तसले काही लागत नाही. वाळलेले बी चिमूटभर पुरचुंडीत मावते आणि नीट राखल्यास दोन-तीन वर्षे उगवणक्षम राहते. उबदार मातीत आठ-दहा दिवसांत कोंब येतो, सहा आठवड्यांत रोप हलविण्याजोगे होते. मोरीच्या पाण्यावर चार झाडे जगली म्हणजे घराचे तिखट भागे. व्यापारी, दलाल, जकात यांच्यावाचून हाती येणारी ही वस्तू दप्तरात उशिरा उमटते आणि तिचा प्रवास तारखांनी सांगता येत नाही, याचे कारण मला तरी यातच दिसते. 'तिखट' हे विशेषण पुढे तिच्या भुकटीचे नाम होऊन बसले.

ढोबळी मिरची ही या घराण्यातील धाकटी. तिला भोपळी, सिमला अशीही नावे आहेत. पहिली दोन आकारावरून पडली. तिसरे इंग्रजांनी ती सिमल्याच्या टेकड्यांवर लावली या समजुतीशी निगडित आहे, आणि मूळ स्थानाविषयी ते फुक्सइतकेच फसवे आहे. आज परिचित असलेल्या 'कॅलिफोर्निया वंडर' या वाणाची वाटचाल १९२८ पासूनची. हिरवी ढोबळी म्हणजे कच्चे फळ. बी धरावयाचे तर ते झाडावरच लाल होऊ द्यावे लागते. शेजारी लवंगी असेल तर आणखी एक गंमत घडते. मिरचीत तिखटपणा प्रभावी आणि गोडेपणा अप्रभावी असतो. मधमाशीने लवंगीचा पराग आणून टाकला तरी त्या वर्षीचे फळ गोडेच राहते, कारण गर मातृवृक्षाचा असतो. मात्र त्यातल्या बियांपासून पुढच्या वर्षी उगवणारे झाड तिखट निघते, आणि घरची माणसे बियाणेवाल्याला दोष देत बसतात.