नावाची किंमत : एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या हक्कांचा भारतीय इतिहास (धागा)

१/ १४ फेब्रुवारी १९८९. गोव्यातील म्हापशाजवळच्या पर्रा गावचा तरुण डॉमिनिक डिसोझा याला पोलिसांनी ताब्यात घेतले. त्याच्यावर कोणत्याही गुन्ह्याचा आरोप नव्हता. तो नियमित रक्तदाता होता. त्याने दिलेल्या रक्ताच्या तपासणीतून त्याला एचआयव्हीची लागण झाल्याचे निष्पन्न झाले होते, एवढेच कारण. पुढील ६४ दिवस तो वापरात नसलेल्या एका क्षयरोग रुग्णालयात, पोलिसांच्या पहाऱ्यात, एकटा होता.

२/ हे बेकायदा नव्हते, हीच या घटनेतील सर्वांत अस्वस्थ करणारी बाब आहे. मद्रासमध्ये १९८६ साली डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांच्या संशोधनातून देशातील एचआयव्हीचे पहिले रुग्ण उजेडात आले. त्यानंतर देशभर भीतीची लाट पसरली. गोव्याने आपल्या १९८५च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात दुरुस्ती करून बाधित व्यक्तीला वेगळे ठेवण्याची तरतूद केली. मूळ शब्दरचनेत अधिकाऱ्याला तारतम्याची मुभाच नव्हती. लागण सिद्ध झाली की विलगीकरण ठरलेले.

३/ या तरतुदीमागील विचार महाराष्ट्राला अपरिचित नाही. १८९७च्या प्लेगच्या काळात पुण्यात घरोघरी झडत्या झाल्या, माणसे उचलून छावण्यांत नेली गेली. रँडची कारकीर्द आणि चापेकर बंधूंचा सूड हा त्याच पर्वाचा भाग. त्याच वर्षी साथरोग कायदा आला, पुढच्याच वर्षी कुष्ठरुग्णांना वेगळे ठेवण्याचा कायदा आला. रोग आणि रोगी यांत फरक न करणारी ही वसाहतकालीन दृष्टी स्वातंत्र्यानंतरही कायद्याच्या पुस्तकांत टिकून राहिली.

४/ एचआयव्हीच्या बाबतीत तर या दृष्टीला वैद्यकीय आधारही नव्हता. हा विषाणू हवेतून, पाण्यातून, एका ताटात जेवल्याने किंवा शेजारी बसल्याने पसरत नाही. असुरक्षित लैंगिक संबंध, दूषित रक्त, दूषित सुया आणि बाधित मातेकडून बाळाकडे हे त्याचे मार्ग १९८९ साली पुरेसे ठाऊक होते. एकांतवासाने समाजाचे रक्षण होत नव्हते. उलट, तपासणी केली तर कोठडी मिळते हे कळल्यावर तपासणीला कोण पुढे येणार होते?

५/ डॉमिनिकची आई लुसी डिसोझा यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठात याचिका दाखल केली. मुंबईच्या ‘लॉयर्स कलेक्टिव्ह’चे आनंद ग्रोव्हर यांनी बाजू मांडली. मित्रमंडळी पाठीशी उभी राहिली. एप्रिलमध्ये न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने डॉमिनिक घरी परतला. भारतातील एचआयव्हीविषयक हक्कांच्या लढ्याची सुरुवात एका आईच्या सहीने झाली, हे विसरता येणार नाही.

६/ मात्र लढा जिंकला गेला नाही. खटला चालू असतानाच सरकारने कायदा बदलून विलगीकरण सक्तीचे न ठेवता अधिकाऱ्यांच्या विवेकावर सोपवले. ही माघार मोठी होती. तरीही अंतिम निकालात न्यायालयाने विलगीकरणाची तरतूद घटनाबाह्य ठरवण्यास नकार दिला. व्यक्तीचा हक्क आणि समाजाचे हित यांत संघर्ष असेल, तर व्यक्तीने माघार घ्यावी, असा त्या निकालाचा आशय होता.

७/ डॉमिनिक निसर्गसंवर्धनाच्या क्षेत्रातील एका संस्थेत काम करत असे. ती नोकरी त्याच्या हातून गेली. त्याने आपली कहाणी उघडपणे सांगण्यास सुरुवात केली आणि १९९२ साली इझाबेल द सांता रिता वाझ या मैत्रिणीसह ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली. बाधितांना माहिती, समुपदेशन आणि सोबत देणे हा तिचा हेतू. त्याच वर्षी मे महिन्यात तो गेला. २००५चा ‘माय ब्रदर... निखिल’ हा चित्रपट त्याच्या आयुष्यावरून प्रेरित आहे.

८/ येथे एक प्रश्न उरतो. डॉमिनिकचे नाव पोलिसी कारवाईने आधीच जगजाहीर झाले होते. लपवण्यासारखे काही उरले नव्हते, म्हणून तो बोलू शकला. पण ज्यांचे गुपित अजून शाबूत होते त्यांनी काय करावे? हक्क मागायचा तर न्यायालयात जावे लागणार. न्यायालयात गेले की नाव नोंदले जाणार, फळीवर लागणार, वर्तमानपत्रात छापले जाणार. मग घरमालक, शेजारी, सोयरीक, मुलांची शाळा सारेच पणाला. न्याय मिळवण्याची किंमत म्हणजे स्वतःचे नाव.

९/ दरम्यान केंद्र सरकारनेही १९८९ साली राज्यसभेत एड्स प्रतिबंधक विधेयक मांडले होते. सक्ती आणि पाळत हाच त्याचाही गाभा होता. दिल्लीतील ‘एड्स भेदभाव विरोधी आंदोलन’ आणि इतर कार्यकर्त्यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. अखेर ते विधेयक मागे घेण्यात आले. सक्तीचा कायदा टळला, पण संरक्षणाचा कायदा अजून दूर होता.

१०/ कलाटणी मिळाली १९९७ साली, पुन्हा मुंबई उच्च न्यायालयात. एका सार्वजनिक उपक्रमातील हंगामी कामगाराला कायम करण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी झाली. तो काम करण्यास तंदुरुस्त होता, पण एचआयव्हीबाधित निघाला, म्हणून यादीतून वगळला गेला. त्याने दाद मागितली आणि न्यायालयाने त्याला खरे नाव न देता खटला लढण्याची परवानगी दिली. इतिहासात तो केवळ ‘एमएक्स’ आहे. मालक उपक्रम ‘झेडवाय’.

११/ निकाल स्पष्ट होता. जो कामगार आपले काम करू शकतो आणि ज्याच्यापासून सहकाऱ्यांना खराखुरा धोका नाही, त्याला केवळ बाधित म्हणून रोजगार नाकारणे हे घटनेच्या १४ व्या आणि २१ व्या अनुच्छेदांचा भंग आहे. या निकालाचे दोन वारसे आहेत. भेदभावाविरुद्धचे तत्त्व हा एक. दुसरा तितकाच मोलाचा : न्यायाचे दार ठोठावण्यासाठी नाव गहाण टाकण्याची गरज नाही.

१२/ वाट तरीही सरळ नव्हती. १९९८ साली ‘एक्स विरुद्ध हॉस्पिटल झेड’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बाधित व्यक्तीच्या विवाहाच्या हक्कावरच मर्यादा घालणारी मते नोंदवली. ती मते त्या खटल्यासाठी अनावश्यक होती, असे त्याच न्यायालयाने २००२ साली स्पष्ट केले. मधल्या चार वर्षांत लग्नाचा विचार करणाऱ्या बाधितांवर टांगती तलवार राहिली.

१३/ न्यायालयाबाहेर दोन गोष्टी घडत होत्या. १९९७ साली बाधित व्यक्तींनीच चालवलेले राष्ट्रीय जाळे (आयएनपी प्लस) उभे राहिले. आपल्यासारख्याच दुसऱ्या माणसाशी बोलता येणे हा आधार कायद्याइतकाच आवश्यक होता. आणि २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा वर्षभराचा उपचार ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. श्रीमंत देशांत तोच खर्च वर्षाला दहा हजार डॉलरच्या घरात होता. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने मोफत औषधोपचार सुरू केला. जगण्याची शाश्वती आली, तशी हक्कांची भाषाही ठाम झाली.

१४/ बाधितांचे गट आणि लॉयर्स कलेक्टिव्ह यांच्या सहभागातून तयार झालेला मसुदा बरीच वर्षे रखडला. अखेर २०१७ साली एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ रोजी लागू झाला. नोकरी, शिक्षण, उपचार, भाड्याचे घर, विमा यांत अन्याय्य भेदभावास त्याने मनाई केली. माहितीपूर्ण संमतीशिवाय तपासणी नाही. संमतीशिवाय किंवा न्यायालयीन आदेशाशिवाय कोणाची स्थिती उघड करणे नाही.

१५/ याच कायद्याचे ३४ वे कलम म्हणजे ‘एमएक्स’ची देणगी. त्यानुसार न्यायालय बाधित पक्षकाराची ओळख गुप्त ठेवण्याचा आदेश देऊ शकते, बंद दालनात सुनावणी घेऊ शकते आणि अशा प्रकरणांना प्राधान्य द्यावे लागते. १०० किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. आरोग्यसेवेत ही मर्यादा २० आहे. उपचारांतील भेदभावाच्या तक्रारींसाठी राज्याने लोकपाल नेमायचा आहे. त्याने ३० दिवसांत, आणि तातडीच्या वैद्यकीय प्रसंगी २४ तासांत आदेश द्यायचा आहे.

१६/ उणिवाही आहेत. उपचार ‘शक्य तितके’ पुरवावेत, हे शब्द कायद्यात ठेवले गेले आणि बाधितांच्या संघटनांनी त्यांवर सडकून टीका केली. शिवाय तक्रार अधिकारी कोण, लोकपाल कुठे भेटतो, हे ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी कलमे कागदावरच राहतात. म्हणून समुपदेशक, एआरटी केंद्र, बाधितांचा स्थानिक गट आणि १०९७ ही राष्ट्रीय मोफत दूरध्वनी सेवा यांची माहिती असणे हाही हक्काचाच भाग आहे.

१७/ पर्राच्या डॉमिनिकचे नाव त्याच्या संमतीविना जाहीर झाले. त्याने तेच नाव पुढे इतरांसाठी वापरले. ‘एमएक्स’चे खरे नाव बहुतेकांना कधीच कळणार नाही, आणि कायद्याच्या दृष्टीने तेच त्याचे यश. एकाचे नाव लक्षात ठेवणे आणि दुसऱ्याचे न विचारणे, या दोन्ही गोष्टी इतिहासाच्या अभ्यासकाने जपायला हव्यात. (समाप्त)