अबूकीरला अडकलेलं विमान

मंडळी, आगाखान पुरस्काराची गोष्ट तुमच्यापैकी बहुतेकांनी ऐकली असेल. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यामधलं अंतर एकट्याने, एका महिन्याच्या आत उडून जाणाऱ्या पहिल्या भारतीयाला ५०० पौंड. मे १९३०. जे. आर. डी. टाटा कराचीहून निघाले होते, सतरा वर्षांचे अस्पी इंजिनिअर क्रॉयडनहून. वाटेत इजिप्तमध्ये, अबूकीरच्या हवाई तळावर, दोघांची गाठ पडली. अस्पी तिथे स्पार्क प्लगपायी अडकून पडले होते. जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग दिले आणि अस्पी जिंकले. मनमोहन सिंग हे तिसरे स्पर्धक. त्यांनीही अंतर पुरं केलं, पण महिन्याची मुदत उलटून गेली होती.

आपण ही गोष्ट मोठ्या मनाची म्हणून सांगतो. ती आहेच. पण आम्हाला नेहमी वाटतं, आधी विचारायला हवं की दोन टोकांकडून निघालेली ही दोघं नेमकी एकाच तळावर भेटली कशी?

त्याचं उत्तर पेट्रोलच्या टाकीत आहे. दोघांचीही विमानं जिप्सी मॉथ : लाकूड आणि कापड, एकच इंजिन. नेहमीच्या मॉथची टाकी वरच्या पंखाच्या मधोमध, १९ गॅलनची. पेट्रोल नुसतं उंचावरून खाली इंजिनात उतरायचं, पंपाची भानगडच नाही. तासाला पाचेक गॅलन धरा. म्हणजे पावणेचार तास. ताशी ८० मैलांनी ३०० मैल झाले. आता समोरून २० मैलांचा वारा आला तर? तास तेवढेच राहतात, मैल घटतात. सव्वादोनशे. त्यातून अर्ध्या तासाचं पेट्रोल राखून ठेवा, मग दोनशेही धड उरत नाहीत.

लांब जाणारे जादा टाक्या बसवून घेत. त्याच मे महिन्यात ऑस्ट्रेलियाला गेलेल्या एमी जॉन्सनने तेच केलं होतं. पण पेट्रोल मिळण्याच्या जागा ठरलेल्याच होत्या. त्यामुळे आकाश कितीही मोकळं असलं, तरी वाट एस. टी.च्या थांब्यांसारखी आखलेली. भेट होणारच होती.

आणि प्लग? इंजिन बंद पडलं म्हणजे आतलं काही मोडलंच, असं नाही. प्लगवर तेलाची काजळी धरली की ठिणगी नीट पडत नाही. पेट्रोलमध्ये पाण्याचे थेंब गेले तरी इंजिन खोकतं, म्हणून वैमानिक पेट्रोल शामॉय चामड्यातून गाळून भरत. एवढ्याशा गोष्टी, पण एकच इंजिन असलं की खाली वाळवंट आहे की समुद्र, यावर सगळं अवलंबून.

म्हणून त्या प्लगांची किंमत आम्ही ५०० पौंडांत मोजत नाही. जेआरडींना युरोप गाठायला अजून भूमध्य समुद्र ओलांडायचा होता, तोही आता कमी सुट्या भागांनिशी.

दोन वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९३२ला, तेच जेआरडी टपालाच्या पिशव्या घेऊन पस मॉथ विमानातून कराचीहून जुहूला आले. मध्ये अहमदाबादला उतरले, पेट्रोलसाठीच. ते चार-चार गॅलनच्या डब्यांतून आलं होतं, बैलगाडीवर लादून.